दहा-बारा किलोमीटरनंतर बंद पडणारी आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होणारी मोटारसायकल: दोष कसा पकडावा

शंभर ते सव्वाशे सीसीच्या, कार्बोरेटर असलेल्या मोटारसायकलींबद्दलची एक तक्रार कोल्हापुरात पावसाळा लागला की हमखास ऐकू येते. गाडी सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, शहरात नीट चालते, शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागेपर्यंत काही जाणवत नाही. परंतु केर्लीच्या पुढे जोतिबाचा किंवा वाघबिळाचा चढ लागला की ओढ कमी होते, दोन-चार आचके बसतात आणि इंजिन बंद पडते. लगेच किका मारून उपयोग होत नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर मात्र तीच गाडी काहीही न करता सुरू होते आणि काही किलोमीटरवर पुन्हा तसाच हिसका देते. मिस्त्रीकडे नेली की कार्बोरेटर धुतला जातो, प्लग बदलला जातो, चार-आठ दिवस बरे जातात आणि मग गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी राहते.

यात मिस्त्रीच्या कौशल्याचा प्रश्न फारसा नसतो. गाडी त्याच्या दारात पोहोचते तेव्हा ती चालू अवस्थेत असते आणि दोष त्या वेळी अस्तित्वातच नसतो, ही खरी अडचण आहे. विश्रांती घेतल्यावर आपोआप नाहीसा होणारा दोष गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच पाहता येतो, आणि तेवढ्या वेळात गाडीजवळ फक्त चालक असतो. म्हणून या लेखात दुरुस्तीइतकाच भर, किंबहुना अधिक भर, चालकाने जागेवर काय पाहावे यावर दिला आहे. हे सारे कार्बोरेटरच्या गाड्यांना लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतर आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोल पंप आणि इंजेक्टर आहेत; तेथे टाकीचे झाकण, पाणी, टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातील सुटीची जुळवणी) आणि क्लच यांविषयीचे विवेचन उपयोगी पडेल, पण पेट्रोलचा नळ, म्हणजे कॉक, बंद करून कार्बोरेटरची वाटी (त्याच्या तळाचा पेट्रोल साठवणारा भाग) रिकामी करण्याची तपासणी तेथे करता येणार नाही.

गाडी कशी बंद पडते ते आधी नोंदवावे

इंधन कमी पडले असेल तर इंजिन एकदम थांबत नाही. आधी ओढ जाते, थ्रॉटल अधिक पिळला तर गाडी पुढे जाण्याऐवजी आणखी दबते, थ्रॉटल सोडला तर क्षणभर सावरते आणि चोक ओढल्यास काही सेकंद जोर आल्यासारखे वाटते. चोकने हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. म्हणून चोकने तात्पुरता आराम पडला तर पेट्रोल कमी येत आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरत आहे, असे समजण्यास हरकत नाही. ठिणगीचा दोष असेल तर चित्र वेगळे असते. इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात थांबते, किंवा थांबण्यापूर्वी काही अंतर मिसिंग करते आणि सायलेन्सरमधून फटाके उडतात. चोकने त्यात काही फरक पडत नाही. तिसरा प्रकार असा की चालत्या गाडीला काही होत नाही, पण इंजिन चांगले तापल्यावर सिग्नलला किंवा गतिरोधकाजवळ रेस सोडली की ते बसते. अशा वेळी टॅपेट, आयडलिंगचा (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा) मार्ग आणि क्लच यांच्याकडे पाहावे लागते. चौथा प्रकार दुर्मीळ आणि गंभीर आहे: गाडी कण्हत कण्हत थांबते आणि किक दगडासारखी घट्ट लागते. तेथे पुढची कोणतीही तपासणी न करता ऑइलची पातळी पाहावी आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी. एकदा आवळलेले पिस्टन थंड झाल्यावर सुटते, म्हणून लोक गाडी तशीच पुढे नेतात आणि सिलिंडरवर ओरखडे पाडून घेतात.

पहिली पाच मिनिटे

गाडी बंद पडताच स्वाभाविकपणे हात किकेकडे जातो. तो आवरावा आणि सर्वप्रथम पेट्रोलचा कॉक बंद करावा. यामागचा विचार साधा आहे. कॉक उघडा राहिला तर टाकीतून थोडे थोडे पेट्रोल झिरपून कार्बोरेटरची वाटी पुन्हा भरते आणि पुरावा नाहीसा होतो. कॉक बंद केला की इंजिन थांबले त्या क्षणी वाटीत जेवढे पेट्रोल होते तेवढेच तेथे राहते. टाकीत निर्वात तयार झाला असेल तर तोही बराचसा टिकून राहतो.

त्यानंतर ठिणगी पाहावी, कारण प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी तापलेली कॉइल काही मिनिटांत निवते आणि मग तीही निर्दोष भासते. यासाठी सोबत एक चांगला जादा प्लग आणि प्लग-पाना ठेवावा. इंजिनवरील प्लग न काढता केवळ त्याची टोपी उपसावी, ती जादा प्लगवर बसवावी, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवावा आणि किल्ली सुरू ठेवून किक मारावी. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर विद्युत बाजू तूर्त निर्दोष मानावी. लालसर आणि क्षीण ठिणगी, किंवा ठिणगीच नाही, असे दिसले तर पेट्रोलच्या बाजूला वेळ घालवू नये. प्लग धातूला न टेकवता किका मारणे कॉइल आणि सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) दोन्हींना घातक असते, तेव्हा तो टेकलेला आहे याची खात्री करूनच किक मारावी. ही तपासणी वाटी रिकामी करण्यापूर्वी करावयाची आहे; सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

ठिणगी ठीक असेल तर किल्ली बंद करावी आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून तेथील नळीतून येणारे पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घ्यावे. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून नळी बाटलीच्या तोंडात घातल्याशिवाय स्क्रू उघडू नये. कॉक बंद असल्यामुळे जे येईल ते फक्त वाटीतले. छोट्या गाडीच्या वाटीत फार तर किलोमीटर-दोन किलोमीटरला पुरेल एवढेच पेट्रोल मावते, त्यामुळे भरलेली वाटी असली तरी बाटलीचा तळच भरतो. पण भरलेली आणि रिकामी वाटी यांतला फरक डोळ्यांना लगेच कळतो. जवळजवळ काहीच आले नाही तर इंजिन पेट्रोलअभावी थांबले हे सिद्ध झाले. पुरेसे आले तर बाटली बाजूला सपाट जागी ठेवून तिच्या तळाशी काय बसते ते पाहावे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

वाटी रिकामी निघाली तर स्क्रू उघडाच ठेवून कॉक सुरू करावा आणि धार पाहावी. धार बारीक असेल, थेंबांवर आली असेल, तर आता टाकीचे झाकण उघडावे. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्स असा आवाज आला आणि त्याबरोबर धार जाड झाली, तर शोध तेथेच संपला. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर अडथळा कॉकमध्ये, कॉकवरील जाळीत किंवा पेट्रोलच्या नळीत आहे. कॉकची वाट मोकळी असूनही वाटी भरत नसेल, म्हणजे नळी कार्बोरेटरकडून उपसल्यावर जोरदार धार येते पण ड्रेनमधून येत नाही, तर वाटीतील तरंगत्या फ्लोटची निडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) चिकटली आहे किंवा तिच्या तोंडाशी कचरा आहे. वाटीला हवा देणारी बारीक नळी चिखलाने बुजली तरी असेच होते, आणि ती नळी सहसा कोणी पाहत नाही.

एवढे केले की मिस्त्रीला ‘गाडी बंद पडते’ असे सांगण्याऐवजी ‘ठिणगी आहे, वाटी रिकामी होती, झाकण उघडल्यावर धार वाढली’ असे सांगता येते. या एका वाक्याने निम्मे काम वाचते.

टाकीचे झाकण

पेट्रोल टाकीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. जेवढे पेट्रोल बाहेर पडते तेवढी हवा आत यावी लागते. सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचली नाही तर थेंब थांबतात, तसेच येथे होते. ही हवा झाकणातील अगदी बारीक, वळणाच्या वाटेने येते. ती वाट धूळ, गंज, गाडी धुताना गेलेली साबणाची खळ किंवा किल्लीच्या छिद्रात ओतलेले घट्ट ग्रीस यांमुळे बुजते.

किती थोड्या निर्वाताने पुरवठा थांबतो याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा साधारण २५ सेंटिमीटर उंच असते. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २ टक्के भरतो. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब तेवढ्याने उतरला की पेट्रोल खाली येणे थांबते. दहा लिटरच्या टाकीत आठ लिटर पेट्रोल असेल तर वर दोन लिटर हवा असते. तिचा दाब २ टक्क्यांनी उतरायला सुमारे ४० मिलिलिटर पेट्रोल खर्च होणे पुरेसे आहे, आणि लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात अडीच किलोमीटरसुद्धा जात नाही. प्रत्यक्षात झाकणाचे पॅकिंग पूर्ण हवाबंद नसते, उन्हाने व इंजिनच्या उष्णतेने टाकीत पेट्रोलची वाफ होऊन दाब थोडा सावरतो, म्हणून गाडी दहा-बारा किलोमीटर रेटते. पण या हिशेबातून दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे टाकी पूर्ण भरल्यावर त्रास लवकर होतो आणि अर्धी असताना उशिरा होतो. ‘पंपावरून पेट्रोल भरून निघालो की बंद पडते’ या तक्रारीत पंपाचा दोष निघेलच असे नाही. दुसरी म्हणजे पावसाळी गार हवेत आणि चढावर, जेथे पेट्रोल भराभर खर्च होते, तेथे त्रास जास्त जाणवतो. केर्लीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर झिरपणाऱ्या हवेने भागते. चढ लागला की भागत नाही.

कोल्हापूरच्या पावसात या दोषाला आणखी एक कारण मिळते, आणि ते आपणच निर्माण केलेले असते. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबर लावणे, किंवा टाकीला जाड रेक्झिनचे कव्हर घालून त्याची झडप झाकणावर घट्ट बसवणे, ही येथे रूढ पद्धत आहे. हेतू चांगला असला तरी ओली पिशवी झाकणाला चिकटून हवेची वाट बंद करते. रेक्झिनच्या कव्हराखाली तर पाणी साचून राहते, आणि जेव्हा टाकीला हवा हवी असते तेव्हा ती हवेऐवजी ते पाणी ओढून घेते. पाण्यापासून वाचण्यासाठी केलेल्या उपायाने पुरवठाही बंद पडतो आणि पाणीही आत जाते. पाऊस चालू असताना गाडी उभी करायची असेल तर सैल आच्छादन घालावे. चालवताना झाकणावर काही नसावे. कव्हर हवेच असेल तर झाकणाभोवतीचा भाग कापून मोकळा ठेवावा.

किल्लीचा संच हरवल्यावर बाजारातून घेतलेले झाकणही तपासून घ्यावे. वरून हुबेहूब दिसणाऱ्या काही झाकणांत हवेची वाट नीट पाडलेली नसते. झाकण हातात घेऊन आतील बाजूने हवा ओढून पाहिली तरी कळते. अर्थात तोंड लावण्यापूर्वी ते धुऊन, पुसून घ्यावे. बुजलेली वाट कॉम्प्रेसरच्या हवेने मोकळी होते. खिळा किंवा ड्रिल घालून मोठे भोक पाडू नये, कारण मग प्रत्येक पावसात पाणी थेट टाकीत उतरेल.

पाणी आणि गंज

बाटलीत घेतलेले पेट्रोल पाच मिनिटे स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर, गोलसर थेंब किंवा तांबूस बारीक भुकटी दिसली, तर आजार टाकीत आहे आणि कार्बोरेटर हे फक्त त्याचे लक्षण आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात बसते. सपाट रस्त्यावर ते तेथेच पडून राहते. चढावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक लागल्यावर सरकून कॉकच्या तोंडाशी येते आणि थोडेसे वाटीत उतरते. जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, सूक्ष्म छिद्रात पाण्याचा थेंब अडकला की पेट्रोल अडते. कॉक रिझर्ववर फिरवताच गाडी बिघडते, ही तक्रारही याच जातीची आहे, कारण रिझर्वची वाट अगदी तळातून पेट्रोल घेते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या विषयात थोडा गुंता वाढला आहे. देशात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत ते सर्वत्र पोहोचले. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉल कुठून येते हे कोणाला सांगायला नको. इथेनॉल पाणी स्वतःत मुरवून घेते, त्यामुळे अत्यल्प पाणी असेल तर ते पेट्रोलबरोबर जळून जाते आणि काही कळतही नाही. मात्र मुरण्याची मर्यादा ओलांडली की पाणी एकटे बाजूला होत नाही. आपल्याबरोबर बरेचसे इथेनॉल घेऊन ते तळाशी जाते आणि तेथे नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा थर तयार होतो. तापमान उतरले की ही मर्यादाही उतरते, म्हणून दिवसभर ठीक असलेली गाडी गार रात्रीनंतर सकाळी अडते. असा थर एकदा पडला की टाकी हलवून काही होत नाही. ते पेट्रोल काढून टाकणे हाच उपाय आहे.

तरीही प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडण्याची सध्याची रीत मला पटत नाही. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुना कार्बोरेटर हा फरक स्वतःहून जुळवू शकत नाही, म्हणून मिश्रण काहीसे पातळ होते. थंड इंजिन सुरू व्हायला चोक जास्त वेळ लागतो, ओढ आणि मायलेज किंचित उतरते, जुने रबर व ओ-रिंग फुगतात किंवा कडक होतात, टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला चिकट थर सुटून जाळीवर येतो. हे सर्व खरे आहे. परंतु ठरावीक अंतरावर बंद पडून विश्रांतीनंतर सुरू होण्याचा गुण एकट्या इथेनॉलमध्ये नाही. तेथे झाकण, पाणी, गंज किंवा कॉइल यांपैकी काहीतरी असतेच.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या अनेक गाड्या शहरात आणि नदीकाठच्या गावांत पुढे विकल्या गेल्या. जुनी गाडी घेताना टाकीत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहावा. आतील पत्रा तांबूस दिसला तर कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी तो पुन्हा भरणार आहे. टाकी उतरवून, कॉक काढून, गंज काढणाऱ्या फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावणाने बाटलीवरील सूचनेप्रमाणे साफ करावी, भरपूर पाण्याने धुवावी, गरम हवेने पूर्ण कोरडी करावी आणि लगेच पेट्रोलने भरावी. ओली टाकी रात्रभर रिकामी ठेवली तर सकाळी नवा गंज तयार असतो. हे काम घराच्या ओसरीवर किंवा चुलीजवळ करू नये. पत्र्याला बारीक छिद्रे पडली असतील तर डांबरासारखे काही लावून भागवू नये, टाकी बदलावी.

कॉकवरची जाळी याच वेळी पाहावी. ती फाटली आहे म्हणून कोणीतरी काढून टाकलेली असते, हे वारंवार आढळते. नळीत बाहेरून फिल्टर बसवायचा असेल तर तो केवळ वजनाने येणाऱ्या पेट्रोलसाठी बनवलेला, कमी अडथळ्याचा असावा, बाणाची दिशा कार्बोरेटरकडे असावी आणि त्यामुळे नळीला वर चढणारी कमान पडू नये. चारचाकीच्या पंपासाठीचा फिल्टर येथे लावला की नवाच पुरवठ्याचा दोष जन्माला येतो.

कार्बोरेटर धुण्याविषयी थोडे

टाकी निर्मळ झाल्यानंतरच कार्बोरेटर उघडण्यात अर्थ आहे. आयडलिंगचा जेट हा सर्वांत बारीक असल्याने प्रथम तोच बुजतो. तो प्रकाशासमोर धरला असता स्वच्छ गोल छिद्र दिसले पाहिजे. तार, सुई किंवा ब्रेकच्या केबलचा धागा जेटमध्ये घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र अंशभर मोठे झाले तरी मायलेज कायमचे उतरते आणि त्याचे कारण नंतर सापडत नाही. कार्ब-क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरतो. न निघाल्यास नवा जेट घ्यावा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवावे आणि परत तेवढेच ठेवून मग गरम इंजिनवर बारीक जुळवणी करावी. बहुतेक शंभर सीसी गाड्यांचे आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातील जोडावर भेग किंवा पॅकिंगमध्ये गळती असेल तर आयडलिंग आपोआप चढते-उतरते आणि स्क्रू फिरवून ते कधीही स्थिर होत नाही.

पेट्रोल पुरेसे असताना

जागेवर ठिणगी गायब आढळली तर आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात: प्लगची टोपी, किल्लीच्या स्विचच्या तारा, हँडल पूर्ण वळवल्यावर ताणल्या जाणाऱ्या तारांचा गठ्ठा. पावसात टोपीत शिरलेले पाणीही पुरेसे असते. त्या निर्दोष निघाल्या तर गरम झाल्यावर आतून तुटणारी कॉइल, मॅग्नेटमधील पिकअप (ठिणगीचा इशारा देणारी छोटी कॉइल) किंवा सीडीआय राहतात. हे भाग थंड असताना मीटरवर बरोबर उतरतात, म्हणून शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या चालत्या गाडीचा भाग लावून तोच चढ पुन्हा चढून पाहावा. नवे भाग एकामागून एक विकत घेण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते. प्लगमधील अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा.

ठिणगी आहे, वाटी भरलेली आहे, पण किक नेहमीपेक्षा हलकी लागते, असे आढळले तर टॅपेट अति घट्ट झाल्याची दाट शक्यता असते. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी वाढते. सुटीची जागा पुरेशी नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि थंड झाल्यावर सर्व पूर्ववत होते. या दोषामागे बहुधा ग्राहकाचाच आग्रह असतो. इंजिनची बारीक टकटक बंद करून द्या, असे सांगितले जाते आणि मिस्त्री ती बंद करून देतो. टॅपेटचा किंचित आवाज हा निरोगी इंजिनचा आवाज आहे, तर आवाज न करणारा घट्ट टॅपेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. जुळवणी नेहमी पूर्ण थंड इंजिनवर, मॅग्नेटवरील ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेसमोर आणून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर असताना, म्हणजे दोन्ही रॉकर सैल हलत असताना करावी. अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचे असल्याने ते हाताच्या अंदाजावर न सोडता फीलर गेजने मोजून घ्यावे, आणि पुस्तिकेत दिलेला आकडाच ठेवावा.

गाडी जड चालते पण इंजिन ठीक वाटते, असे असेल तर उतरून मागच्या ड्रमजवळ हात न्यावा. ड्रम चटका देण्याइतका तापला असेल तर ब्रेक घासत आहे. एवढ्या साध्या कारणासाठी इंजिन उघडल्याची उदाहरणे आहेत.

क्लच, गिअर आणि ऑइल

गर्दीत पहिला गिअर टाकताच इंजिन बसणे, तापल्यावर न्यूट्रल न सापडणे, गिअर खटकन पडणे, या गोष्टींनाही ‘गाडी बंद पडते’ असेच म्हटले जाते आणि मग विनाकारण कार्बोरेटर उघडला जातो. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बंद पडणाऱ्या आणि वाघबिळाला बंद पडणाऱ्या गाडीचा आजार सहसा एक नसतो. तपासणीसाठी गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन, इंजिन गरम असताना, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. मागचे चाक ऑइलच्या ओढीने हळू फिरेल, ते स्वाभाविक आहे; पण ब्रेक दाबून चाक थांबवले असता इंजिन बसू लागले तर क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. ती जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर चढावर क्लच घसरतो, इंजिन गरजते आणि गाडी पुढे जात नाही. केबल जुळवूनही फरक पडला नाही तरच क्लचच्या प्लेट्स पाहाव्यात.

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांचे ऑइल एकच असते, हे लक्षात घेतले की ऑइलचा दर्जा किती महत्त्वाचा आहे ते कळते. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (ऑइलात बुडणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलाची खूण) अशी नोंद असलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे, बहुधा १०डब्ल्यू-३०, ऑइल घ्यावे. मोटारीसाठीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनला चालतील, पण त्याच ऑइलात बुडालेला क्लच त्यांनी घसरतो. पातळी पाहताना गाडी सरळ उभी असावी आणि बहुतेक छोट्या गाड्यांत मोजदांडी न पिळता नुसती टेकवायची असते. पिळून पाहिल्यास पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि कमी ऑइलवर गाडी चालत राहते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. ते त्वरित काढावे, नवे घालून इंजिन थोडे चालवून तेही बदलावे. गाळणी जाळी आणि, ज्या इंजिनात क्रँकच्या टोकाला फिरता फिल्टर असतो तेथे तोही, मोठ्या सर्व्हिसिंगच्या वेळी उघडून पुसावा. तो उघडायला उजव्या बाजूचे केसिंग काढावे लागते, म्हणून बहुधा टाळला जातो.

दुरुस्तीनंतरची चाचणी ज्या परिस्थितीत त्रास होत होता त्याच परिस्थितीत घ्यावी: टाकी भरून, मागे माणूस बसवून, न थांबता वाघबिळापर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते समजत नाही. त्यानंतर पावसाळाभर दर पंधरवड्याला वाटीचा ड्रेन उघडून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे. सलग दोन-तीन वेळा तळ स्वच्छ दिसला तर कार्बोरेटर पुन्हा उघडण्याची गरज नाही. तांबूस भुकटी पुन्हा दिसू लागली तर मिस्त्रीकडे कार्बोरेटर न देता टाकी द्यावी.